सांगितलं किती, झालं किती: सीएनसी राउटरच्या प्रकल्प नोंदी

३ जानेवारी

संगणकाच्या हुकमांवर कटर चालवून लाकूड कापणारं यंत्र, म्हणजे सीएनसी राउटर, मी आणि भाऊ बनवतोय. आज सांगाड्याचे बोल्ट आवळले. यंत्र अजून हलत नाही, पण उभं आहे. कामाची जागा ४०० बाय ६०० मिमी. तिन्ही अक्षांना (एक्स डावीउजवीकडे, वाय मागेपुढे, झेड वरखाली) ८ मिमी व्यासाचे लीड स्क्रू, म्हणजे फिरून नटाला सरकवणारे लांब आट्यांचे दांडे; स्क्रूच्या एका फेऱ्यात नट ८ मिमी सरकतो. वाय अक्षाला दोन बाजूंना दोन मोटर, एक्स आणि झेडला एकेक. कंट्रोलर, म्हणजे मोटरांना हुकूम देणारा छोटा बोर्ड, अर्डुइनो उनो; त्यावर चालणारा प्रोग्राम जीआरबीएल १.१. स्पिंडलच्या, म्हणजे कटर फिरवणाऱ्या मोटरच्या, जागी ६ मिमी कोलेटचा (कटर पकडणाऱ्या चिमट्याचा) हातराउटर बसवणार आहे.

पहिली वस्तू ठरलेली आहे: गोल झाकणाची लाकडी डबी. इतकी वर्षं मी रंधा-पटाशीवर काम केलंय. गोल झाकण खाचेत कसंही फिरवून ठेवलं तरी बसलं पाहिजे, एवढीच अपेक्षा आहे, आणि ती लहान नाही.

नवीन वहीत दोन रकाने आखले: ‘सांगितलं’ आणि ‘झालं’. कारण असं की स्टेपर मोटरला, म्हणजे या यंत्रातल्या ठरावीक पावलांनी फिरणाऱ्या मोटरला, स्वतःची जागा कळत नाही. कंट्रोलर पल्स (विजेचे ठोके) पाठवतो आणि मोटर तेवढी फिरलीच असं धरून पुढे जातो. मोटर अडली, मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग घसरलं, नट सैल असला, तरी त्याला पत्ता लागत नाही. पडद्यावर दिसतो तो दिलेल्या हुकमांचा हिशेब. खरं माप घेणारं त्या सांगाड्यात काहीही नाही. ते काम माझं आणि व्हर्निअरचं.

५ जानेवारी

पूर्ण दिवस काटकोनात गेला. गुण्या लावून सगळं बरोबर वाटत होतं. पण ३०० मिमीचा गुण्या ६०० बाय ८०० च्या सांगाड्याला पुरत नाही, त्याच्या पात्यापलीकडची चूक दिसत नाही. म्हणून कर्ण मोजले. दोन्हींत ३ मिमीचा फरक निघाला. हिशेब केला तर सांगाडा ८०० मिमी लांबीत अडीच मिमी कलला होता, म्हणजे ३०० मिमीच्या फळीवर जवळजवळ १ मिमी तिरपी कड. डबीच्या कोपऱ्यात एवढी फट लांबूनही दिसेल.

चारही कोपऱ्यांचे बोल्ट अर्धवट सैल केले, लांब कर्णाच्या दोन टोकांना लांब शिकंजा लावून हळूहळू ओढलं, कर्ण सारखे झाल्यावर समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीने आवळले. आवळल्यावर पुन्हा मोजलं, कारण आवळताना सांगाडा परत सरकतो. तिसऱ्या खेपेला फरक अर्ध्या मिमीच्या आत आला.

गॅन्ट्रीचं, म्हणजे राउटर धरून मागेपुढे सरकणाऱ्या आडव्या पुलाचं, वेगळं. वीज बंद असताना तिची दोन टोकं मागेपुढे होऊ शकतात, कारण दोन्ही बाजूंचे स्क्रू सुटे फिरतात. सांगाड्याच्या मागच्या बाजूला दोन ठोकळे पक्के केले. सुरू करण्याआधी गॅन्ट्री दोन्ही ठोकळ्यांना टेकवायची आणि मगच वीज द्यायची. मोटरांनी पकड घेतली की ती तशीच राहते.

८ जानेवारी

वायरिंग. हे भावाचं खातं. मोटरच्या चार वायरींतल्या जोड्या ओळखायची त्याची पद्धत मला फार आवडली: दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवायची आणि शाफ्ट बोटांनी फिरवायचा. जोडी बरोबर असेल तर शाफ्ट एकदम जड लागतो, अडखळत फिरतो. नसेल तर आधीसारखाच मोकळा. मल्टीमीटरची गरजच पडली नाही.

वायची दुसरी मोटर समोरासमोर बसवल्यामुळे उलटी फिरणार होती. तिच्या एकाच जोडीच्या दोन वायरींची अदलाबदल केली आणि काम झालं.

एक नियम त्याने ड्रायव्हरच्या (कंट्रोलरच्या पल्सवरून मोटरला वीज देणाऱ्या भागाच्या) झाकणावर मार्करने लिहिला: वीज चालू असताना मोटरची वायर काढायची नाही. काढली तर ड्रायव्हर जळू शकतो, आणि सैल स्क्रूमुळे वायर आपोआप निसटली तरी तेच. म्हणून प्रत्येक टर्मिनल ओढून पाहिलं. दोन निघाले सैल.

मोटरा तासाभरात चांगल्याच तापल्या. मी घाबरले होते. हात जेमतेम ठेवता येईल इतकं तापणं स्टेपरला चालतं, कारण जागेवर उभी असतानाही ती प्रवाह घेत असते. तरी प्रवाहाची बटणं मोटरच्या पट्टीवरच्या आकड्याच्या खालीच ठेवली आहेत.

९ जानेवारी

पहिली हालचाल! सांगितलं १००, झालं १२५.

दोघंही स्केलकडे बघत राहिलो. मग कागद घेतला. मोटरच्या एका फेऱ्यात २०० पावलं, ड्रायव्हर एका पावलाचे ८ तुकडे करतो, म्हणजे १,६००. स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवतो. १,६०० भागिले ८ म्हणजे मिमीला २०० पावलं. जीआरबीएलमध्ये मुळात भरलेला आकडा मात्र २५०. २५० भागिले २०० म्हणजे सव्वा, आणि शंभराचे सव्वाशे झाले. चूक अगदी हिशेबात बसली.

जीआरबीएलच्या सेटिंगना $ आणि आकडा अशी नावं असतात. तिन्ही अक्षांच्या पावलांसाठी $१००, $१०१ आणि $१०२ या तिन्ही ठिकाणी २०० भरलं. आता १०० ला १००.

इथे एक गोष्ट ठळक लिहून ठेवते. हा आकडा यंत्राच्या रचनेतून येतो: मोटर, ड्रायव्हर, स्क्रू. तो गणिताने काढायचा आणि स्केलने फक्त पडताळायचा. (हे मी स्वतः ९ तारखेला लिहिलं आणि ३० तारखेला विसरले. पुढे येईलच.)

१२ जानेवारी

लिमिट स्विच, म्हणजे अक्षांच्या टोकाचे स्विच, आणि होमिंग, म्हणजे त्यांना टेकून यंत्राने आपली जागा ठरवणं. आज तीन प्रश्न पडले.

पहिला: यंत्र सुरू केलं की लगेच अलार्म का, आणि कोणताही हुकूम दिला की ‘एरर ९’ का? होमिंग चालू केलं, म्हणजे $२२ मध्ये १ भरलं, की जीआरबीएल सुरुवातीला कुलूप लावूनच बसतं. आपण कुठे आहोत हे त्याला माहीत नसतं, त्यामुळे ते हलायला नकार देतं. $एच दिलं की झेड आधी वर जातो, मग एक्स-वाय स्विच शोधायला निघतात, आणि कुलूप उघडतं. $एक्स दिलं तर होमिंग न करताच उघडतं. ते फक्त अडकलेलं यंत्र सोडवण्यापुरतं.

दुसरा: होमिंग झाल्यावर सगळे आकडे ऋण का? आम्हाला वाटलं मोटर उलट्या जोडल्या. तसं नव्हतं. मूळ पद्धतीत होम हा उजवा, मागचा, वरचा कोपरा असतो आणि यंत्राचं शून्य तिथे. त्या कोपऱ्यातून कामाची सगळी जागा ऋण बाजूलाच येते. लाकडाचं शून्य वेगळं, ते आपण फळीच्या कोपऱ्यावर ठरवतो. पडद्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. एकातून दुसरा वजा केला की फळी टेबलावर कुठे आहे ते कळतं, बस.

तिसरा: कुणी हात न लावता ‘हार्ड लिमिट’चा, म्हणजे टोकाचा स्विच दाबला गेल्याचा, अलार्म का येतो? स्विचच्या वायरी मोटरच्या वायरींबरोबर एकाच नळीतून नेल्या होत्या. मोटरच्या वायरीतली खळबळ स्विचच्या वायरीत उतरत होती. वायरी वेगळ्या नेल्या, शील्डवाल्या (धातूचं वेष्टण असलेल्या) घेतल्या, आणि स्विच नेहमी जोडलेला राहील आणि दाबल्यावर तुटेल असा लावला. त्यासाठी $५ मध्ये १ भरावं लागतं. आणखी एक फायदा: वायर तुटली तर यंत्र लगेच थांबतं. उलट्या जोडणीत तुटलेल्या वायरीचा पत्ता गॅन्ट्री टोकाला आदळल्यावर लागला असता.

१५ जानेवारी

लाल बटण दाबून पाहिलं. मोटर थांबल्या, राउटर फिरतच राहिला. त्याची वीज वेगळ्या प्लगवर होती! थांबलेला अक्ष आणि एकाच जागी फिरणारा कटर म्हणजे लाकूड जाळायची सोयच. आता दोन्हींची वीज एकाच बटणातून जाते. बटण यंत्राच्या मागून पुढे आणलं, हात कटरवरून न्यावा लागणार नाही अशा जागी.

नियम भिंतीवर लावले: डोळ्यांना चष्मा, कानांना मफ, नाकाला मास्क. हातमोजे मुळीच नाहीत, फिरणाऱ्या कटरने मोजा पकडला तर बोटंही ओढली जातात. सैल बाही नाही, मोकळे केस नाहीत. आणि यंत्र चालू असताना खोली सोडायची नाही.

१७ जानेवारी

टेबलावर एमडीएफची बळीची फळी बसवली. कटर आरपार गेला तर हिच्यात जाईल, खालच्या सांगाड्यात नाही. मग २५ मिमीच्या कटरने २० मिमीच्या रांगा घेत ती सपाट केली.

सपाट दिसली, पण नख फिरवलं तर रांगेगणिक ‘टक’ लागत होतं. बारीक पायऱ्या. कारण स्पिंडल डावीउजवीकडे कललेला होता, त्यामुळे कटरची एक बाजू दुसरीपेक्षा खोल जात होती.

किती कललाय ते मोजायला कोलेटमध्ये वाकवलेली सळई बसवली, तिच्या टोकाला, १०० मिमी लांब, डायल गेज, म्हणजे बारीक सरक सुईवर दाखवणारं माप. खाली जाड सपाट काच. काच त्या पायऱ्यांच्या शेंड्यांवर बसते आणि शेंडे गॅन्ट्रीच्या चालीतूनच तयार झालेले, म्हणून काच गॅन्ट्रीला समांतर. ही युक्ती लक्षात आली तेव्हा खूप बरं वाटलं, नाहीतर कशाच्या तुलनेत मोजायचं हाच प्रश्न होता. राउटर हाताने फिरवला. डावीकडे आणि उजवीकडे मिळून २०० मिमीत ०.६ मिमीचा फरक. २० मिमीच्या रांगेला ०.०६. नखाला लागत होतं ते एवढंसं!

माउंटच्या बोल्टांमधलं अंतर ६० मिमी. म्हणजे एका बाजूला ०.१८ मिमीची पट्टी सारायची. सारली, आवळलं, पुन्हा मोजलं: ०.०५. मागेपुढेही तपासलं, तिथे ठीक होतं. फळी पुन्हा एकदा घासून घेतली. आता नख अडखळत नाही.

२० जानेवारी

पहिला खरा काप. १२ मिमी प्लायवूड, ६ मिमीचा दोन धारांचा कटर, एका फेरीत ३ मिमी खोल, म्हणजे कटरच्या व्यासाच्या निम्मा. राउटर १८,००० फेरे मिनिटाला.

फीड, म्हणजे कटर लाकडातून पुढे सरकण्याचा वेग, किती ठेवायचं, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त सतावत होता. हिशेब असा: फेरे गुणिले धारा गुणिले एका धारेने घ्यायची चकती. १८,००० × २ × ०.०५ मिमी म्हणजे मिनिटाला १,८०० मिमी. ते भरलं आणि सुरू केलं.

जळका वास. कड तपकिरी, मग काळी. कटर हात लावता येणार नाही इतका तापला. भुश्याच्या चकत्या पडायच्या तिथे पिठासारखी बारीक पूड. लगेच बंद केलं.

मनाने घेतलं की वेग जास्त झाला. हातात रंधा असताना जोर जास्त झाला की बिघडतं, तीच सवय. फीड १,००० केलं. काहीही बदललं नाही. अगदी तसाच वास, तसाच आवाज. तेव्हा घड्याळ लावलं. ३०० मिमी कापायला ३६ सेकंद. म्हणजे मिनिटाला ५००.

सांगितलं १,८००, झालं ५००. सांगितलं १,०००, झालं ५००.

$११० मध्ये कमाल वेग मुळात ५०० भरलेला असतो. जी-कोडने, म्हणजे यंत्राला दिलेल्या हुकमांच्या फाइलने, त्याहून जास्त मागितलं तर जीआरबीएल तक्रार करत नाही, एरर देत नाही, मुकाट्याने ५०० ने जातं. ५०० ने एका धारेच्या वाट्याला ०.०१४ मिमी येतं. एवढ्यात धार लाकडात शिरतच नाही, वरून घासते. घासण्यातून उष्णता, उष्णतेतून जळणं. कापताना निघणारी चकती आपल्याबरोबर उष्णता घेऊन जाते. पूड काहीच नेत नाही.

२१ जानेवारी

कमाल वेग शोधला, लाकडाशिवाय, हवेत. १,५००, २,०००, २,५०० ठीक. ३,५०० ला मोटर किंचाळून जागीच थांबली, आणि पडद्यावर आकडे मात्र ऐटीत पुढे चालले. भावाला हे दृश्य दाखवायला मी दोनदा केलं. वहीच्या दोन रकान्यांची याहून चांगली समजूत मला देता आली नसती. एक्स आणि वायला २,५०० ठेवलं.

प्रवेगही बघितला. $१२० मध्ये मुळात १०. त्या प्रवेगाने सेकंदाला ३० मिमी, म्हणजे आपले १,८००, गाठायला ४५ मिमी धाव लागते. छोट्या आकारात यंत्र तिथवर पोचतच नाही, सतत वेग वाढवत आणि कमी करत राहतं. १०० केला, २०० केला. २०० ला पावलं चुकली नाहीत, तिथेच ठेवला.

त्याच प्लायवर तोच काप. लांबट, कुरकुरीत चकत्या उडाल्या. कड पांढरी. कटर कोमट.

२४ जानेवारी

खाच ३ मिमी खोल सांगितली. सुरुवातीला ३, मध्ये ४, शेवटी ५. आधी झेडच्या मोटरवर संशय घेतला. पण काम संपल्यावर झेड शून्याला परत नेला तर कटर फळीच्या वर थांबण्याऐवजी २ मिमी आत शिरला. अक्ष बरोबर होता, कटरच कोलेटमधून खाली सरकला होता. वळणदार धारेचा अपकट कटर चकत्या वर फेकतो, तेवढ्याच जोराने स्वतः खाली ओढला जातो, आणि कोलेटमध्ये बसलेल्या भुश्याने पकड सैल केली होती.

आता प्रत्येक वेळी कोलेट आणि नट ब्रशने झाडते, कटरचा दांडा पुसते, कटर तळाला टेकवून मग एक-दोन मिमी वर घेते. आणि दांड्यावर कोलेटच्या कडेला मार्करची बारीक रेघ मारते. रेघ खाली आली की कळतं.

२५ जानेवारी

चित्र इंचात होतं, जी-कोड मिमीत निघाला. ८० मिमीचं वर्तुळ ३ मिमीचं. आता फाइलच्या पहिल्या ओळींत जी२१ (मापं मिमीत) आणि जी९० (मापं शून्यापासून) आहे का ते बघितल्याशिवाय सुरू करत नाही.

२८ जानेवारी

डबीची चाचणी, एमडीएफमध्ये. लाकडात रेषांच्या आडवं माप हवेच्या ओलाव्याने बदलतं, एमडीएफमध्ये तो गोंधळ नाही. खाच ८०.२, झाकण ८०. तुकडे धरायला खाली मास्किंग टेप, टेबलावर मास्किंग टेप, दोन्हींच्या मध्ये झटपट डिंक. शिकंजे वाटेत येत नाहीत आणि तुकडा नंतर अलगद सुटतो. झाकण आरपार कापायचं असल्याने झेडचं शून्य फळीच्या वरून न घेता टेबलावरून घेतलं. १२ ची फळी सगळीकडे १२ नसते, टेबल मात्र सारखं.

झाकण ठेवलं आणि बसलं. खूप आनंद झाला. बोटाने फिरवून पाहिलं, तर पाव वळणावर अडकलं. परत पाव वळण, सुटलं. पुन्हा पाव, अडकलं.

दोघांची मापं घेतली. खाच: वायमध्ये ८०.२, एक्समध्ये ७९.८. झाकण: वायमध्ये ८०, एक्समध्ये ७९.६. दोन्ही लंबगोल, दोन्हींची अंगं एकाच दिशेने आखूड. जसे कापले तसे ठेवले की बसतात. फिरवलं की झाकणाचा लांब व्यास खाचेच्या आखूड व्यासासमोर येतो.

३० जानेवारी

एक्स ०.४ ने कमी येतोय, तर एक्सची पावलं वाढवू, असं म्हणत $१०० मध्ये २०० चं २०१ केलं. खाच पुन्हा कापली: दोन्हीकडे ८०.२ च्या आसपास. झाकण फिरलं. मी वहीत ‘सुटलं’ असं लिहिलंसुद्धा.

मग संध्याकाळी डबीच्या पेटीसाठी ३०० मिमीची पट्टी कापली. ३०१.१ आली.

१ फेब्रुवारी

भावाने वही वाचली आणि एकच प्रश्न विचारला: “ताई, छोट्या वर्तुळाला किती फरक येतो गं?”

मला माहीत नव्हतं. $१०० परत २०० केलं आणि तीन खाचा कापल्या: २०, ८० आणि २०० मिमी. एक्समध्ये तुटवडा अनुक्रमे ०.३८, ०.४१, ०.४०.

हा आकडा बघून कोड्याचं कुलूप उघडलं. पावलांचा आकडा चुकलेला असता तर चूक लांबीबरोबर वाढली असती, २० ला जेवढी त्याच्या दहापट २०० ला. इथे ती तेवढीच्या तेवढीच आहे. म्हणजे प्रमाण बरोबर आहे, दर वेळी ठरावीक तुकडा कुठेतरी हरवतोय. २०१ करून मी ८० मिमीपुरतं एक खोट दुसऱ्या खोटीने झाकलं होतं, आणि ३०० मिमीला ती उघडी पडली.

कटरचा व्यास चुकीचा भरला असेल का? तेही तपासलं. कटर सांगितल्यापेक्षा बारीक असता तर खाच लहान आणि झाकण मोठं झालं असतं, आणि एक्स-वाय दोन्हींत. इथे दोन्ही लहान आणि फक्त एक्समध्ये. मग उरलं एकच: दिशा बदलताना हरवणारी चाल, प्ले. खाचेची कड उजेडात धरली तर डावीकडे आणि उजवीकडे, बरोबर जिथे एक्स उलट फिरतो तिथे, वर्तुळ किंचित चपटं होतं. २८ तारखेलाही ते तिथेच होतं.

२ फेब्रुवारी

डायल गेज एक्सच्या गाड्याला टेकवलं. एका दिशेने ०.१, ०.१ असं सरकवत गेले, सुई दर वेळी बरोबर ०.१ हलली. मग दिशा उलटली. पहिला हुकूम: सुई स्थिर. दुसरा: स्थिर. तिसरा: स्थिर. चौथा: जेमतेम थरथरली. पाचव्याला हलली.

आता कुठे? वीज चालू ठेवून गाडा हाताने मागेपुढे ढकलला. हलतोय. दुसऱ्या हाताचं बोट स्क्रूच्या टोकाला लावलं, तर गाड्याबरोबर टोकही बोटाला टोचत होतं. म्हणजे नट घट्ट आहे, अख्खा स्क्रूच लांबीत सरकतोय. टोकाच्या बेअरिंगला टेकून बसणाऱ्या कॉलरचा (कड्याचा) ग्रब स्क्रू, म्हणजे तिला दांड्यावर आवळणारा बिनडोक्याचा छोटा स्क्रू, सैल झाला होता आणि कॉलर ०.४ मिमी दूर गेली होती. स्क्रू जागीच असता आणि नुसता गाडा हलला असता तर दोष नटात होता.

भाऊ म्हणाला, हे सॉफ्टवेअरमध्ये भरून काढता येत नाही का? जीआरबीएलच्या मूळ आवृत्तीत तशी सोयच नाही. असती तरी मी वापरली नसती. प्ले असताना कटर लाकडात नीट धरलेला नसतो, लाकूड त्याला त्या ०.४ मध्ये ओढतं. क्लाइंब पद्धतीने, म्हणजे झाकणाभोवती बाहेरून घड्याळाच्या दिशेने कापताना, हे ओढणं सगळ्यात जास्त.

स्क्रूवर कॉलर बसते तिथे कानशीने छोटा सपाट भाग केला, म्हणजे ग्रब स्क्रूचं टोक तिथे बसेल. कॉलर बेअरिंगला दाबून धरली, थ्रेडलॉक (आटे सुटू न देणारा डिंक) लावलं, आवळलं. गेजवर प्ले ०.०६. वाय आणि झेडच्या कॉलरही उघडून तशाच बसवल्या. त्यातली वायची एक अर्धी सैल होतीच.

४ फेब्रुवारी

व्हॅक्यूम क्लिनर सुरू केला की यूएसबी तुटतं आणि काम अर्ध्यात थांबतं. प्लॅस्टिकच्या पाइपातून भुसा घासत गेला की पाइपावर स्थिर विद्युत साठते. पाइपाच्या आतून उघडी तांब्याची तार नेऊन अर्थिंगला जोडली, यूएसबीची केबल आखूड आणि फेराइटवाली (विजेची खळबळ अडवणाऱ्या मण्याची) घेतली, क्लिनरचा प्लग वेगळा केला. दिवसभरात एकदाही तुटलं नाही.

क्लिनर ऐच्छिक नाही. लाकडाची धूळ आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या पहिल्या गटात आहे, म्हणजे माणसाला कर्करोग होतो हे सिद्ध झालेल्या पदार्थांत. एमडीएफच्या डिंकातला फॉर्माल्डिहाइडही त्याच गटात. डोळ्यांना दिसतो तो भुसा खाली बसतो, बारीक धूळ यंत्र बंद केल्यावरही हवेत तरंगत असते. काम संपल्यावर आणखी काही वेळ मास्क ठेवते. आणि पिशवी रोज घराबाहेर रिकामी करते, कारण बोथट कटरने पाडलेली एखादी ठिणगी तिच्यात तासभर धुमसत राहू शकते.

७ फेब्रुवारी

तीन खाचा पुन्हा, $१०० मध्ये २००.

सांगितलं २०, झालं १९.९६. सांगितलं ८०.२, झालं ८०.१५. सांगितलं २००, झालं १९९.९५. ३०० ची पट्टी २९९.९५.

मग लाकडाची फळी लावली. खाच चकत्या खाली ढकलणाऱ्या डाउनकट कटरने, वरची कड फाटू नये म्हणून. झाकण कापताना शेवटच्या फेरीत चार जागी पूल, म्हणजे न कापलेले छोटे जोड, ठेवले, पटाशीने तोडून कानशीने साफ केले. झाकण खाचेवर ठेवलं, बसलं. पाव वळण फिरवलं, अर्धं, पाऊण. भावाने माझ्या हातातून घेतलं आणि पुन्हा पुन्हा फिरवत बसला.

वहीत नोंद: झाकण, फळीच्या रेषांना समांतर ८०, आडवं ७९.९५. पावसाळ्यात याच जागी परत मोजायचं आहे. आत्ता वाय अक्षाच्या दुसऱ्या बाजूचा स्विच भुश्याने भरतोय, उद्या त्याला झाकण करायचं.